हातकडी, बेडी आणि ‘हँडकफ’

‘अट्टल घरफोड्याला बेड्या’ असा मथळा वाचून बातमीत शिरावे, तर बेडीचा पत्ताच नसतो. सापळा रचला, संशयिताला ताब्यात घेतले, कोठडी मिळाली, एवढेच कळते. मराठी बातमीत ‘बेड्या ठोकणे’ म्हणजे अटक करणे. मग मनगटे मोकळी का असेनात. इंग्रजीतल्या ‘हँडकफ’चेही असेच आहे. वस्तू साधी, पण तिच्याभोवती समजुती बऱ्याच.

गैरसमज: ‘हँडकफ’ हा एका प्राचीन शब्दाचा अपभ्रंश आहे.

वस्तुस्थिती: जुन्या इंग्रजीत हातकडीसाठी ‘हँडकॉप्स’ असा शब्द होता खरा. त्यामुळे त्याचेच पुढे ‘हँडकफ’ झाले असावे, असे वाटते. पण आजचा शब्द सतराव्या शतकात ‘हँड’ आणि ‘कफ’ जोडून नव्याने घडला. हा ‘कफ’ म्हणजे शर्टाच्या बाहीचा, बटण लावायचा तोच. त्याआधी या शब्दाचा अर्थ हातमोजा असा होता. खोकल्याचा ‘कफ’ वेगळा आणि आयुर्वेदातला संस्कृत कफ त्याहून वेगळा. देवनागरीत तिघे एकसारखे दिसतात, इतकेच.

गैरसमज: हँडकफ, मॅनकल, फेटर, शॅकल, सगळे एकच.

वस्तुस्थिती: ‘मॅनकल’चे मूळ लॅटिनमधल्या हातवाचक शब्दात आहे, तर ‘फेटर’चे नाते इंग्रजी ‘फूट’शी, म्हणजे पावलाशी आहे. मराठीतही हातकडी मनगटाला आणि दंडाबेडी पायांना. ‘शॅकल’ मात्र सगळीकडे वावरतो. तो हातात असतो, पायात असतो, कुलपाच्या वाकड्या दांडीलाही शॅकलच म्हणतात. गोदीत क्रेनच्या दोराला माल अडकवायची लोखंडी कडीही शॅकलच, आणि तिथे कैद्याचा काही संबंध नसतो.

गैरसमज: ‘डबल लॉक’ म्हणजे दोन हातांना दोन कुलपे.

वस्तुस्थिती: हातकडीचा फिरता दात्यांचा पट्टा एकाच दिशेने पुढे सरकतो. ‘कर्र-कर्र’ असा आवाज येतो तो दात्यांवरून सरकणाऱ्या खिटीचा. एवढ्यावर सोडले, तर हात ओढताच कडी आणखी आवळते आणि मनगटावर वळ उठतात. म्हणून किल्लीच्या टोकावरची बारीक पिन कडीच्या छोट्या छिद्रात दाबतात. मग पट्टा पुढेही जात नाही, मागेही येत नाही. हेच डबल लॉक, आणि ते पकडलेल्याच्या मनगटाचीही काळजी घेते. मनगटाच्या मापाप्रमाणे आवळता येणाऱ्या दातेरी कडीचे अमेरिकी पेटंट 1862 सालचे. त्याआधीच्या कड्या ठरावीक मापाच्या असत. बारीक मनगट त्यातून निसटे, जाड मनगट त्यात मावत नसे.

गैरसमज: अटक झाली की हातकडी घालायलाच हवी.

वस्तुस्थिती: आरोपी पळू नये यासाठी लागेल तेवढेच बंधन घालावे, हे तत्त्व फौजदारी कायद्यात आधीपासून आहे. तिहारमधल्या एका कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना तार करून हातकडीची तक्रार केली. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रेम शंकर शुक्ला खटल्यात 1980 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी सरसकट हातकडी घालणे अमानुष ठरवले. ‘वरच्या दर्जाच्या’ कैद्याला सूट आणि सामान्याला कडी, हा पंजाब पोलीस नियमावलीतला भेदही तिथेच मोडीत निघाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43(3)ने सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, तसेच खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी अशा यादीतले आरोपी यांच्याबाबत हातकडीची मुभा दिली आहे. पण त्यातही गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहायचे आहे. मूळ विधेयकातल्या यादीत आर्थिक गुन्हेही होते. संसदीय समितीच्या शिफारशीनंतर ते वगळले गेले.

गैरसमज: ‘गोल्डन हँडकफ्स’ म्हणजे नोकरीचा बाँड.

वस्तुस्थिती: बाँडमध्ये नोकरी सोडणाऱ्याने खिशातून पैसे भरायचे असतात. सोन्याच्या हातकडीत खिशातले काही जात नाही, पुढे मिळायचे तेवढे बुडते. कंपनी शेअर देऊ करते, पण ते समजा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने नावावर होणार असतात. हिंजवडीतल्या एखाद्या इंजिनिअरला नवी ऑफर फेब्रुवारीत आली आणि शेअरचा पुढचा हप्ता एप्रिलमध्ये असला, तर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच पडून राहतो.