महाडचं ठरावबुक

नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये मागणी असते ती जन्म-मृत्यूच्या नोंदवहीला. दाखल्यासाठी खिडकीशी रांग लागते. ठरावबुक मागायला सहसा कोणी येत नाही. आलाच तर वकील.

वाचायला ते रूक्षच. विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, आणि खाली ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’. पुढच्या सभेचा पहिला विषय ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. एकदा कायम झालं की खाडाखोड चालत नाही. सभासदांचं मन फिरलं तर दुसरा ठराव करून पहिला रद्द करायचा, पण पहिल्याचं पान फाडता येत नाही. दिवाबत्ती, गटारं यांत ही शिस्त नुसती कटकट वाटते. महाडमध्ये तिचं मोल कळतं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. केलं म्हणजे कागदावर. तळ्यावर प्रत्यक्ष ओंजळ भरली गेली ती २० मार्च १९२७ला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, आणि त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मग नगरपालिका कचरली. तिनं आपलाच ठराव रद्द केला. तारीख पुन्हा ४ ऑगस्ट, साल १९२७. गावाचं धैर्य आणि गावाची माघार, दोन्ही एकाच कारकुनी भाषेत नोंदली गेली.

डिसेंबरात सनातन्यांनी दावा लावला: तळं ‘चौधरी तळं’, खासगी मालकीचं, आणि अस्पृश्यांनी तिथं न येण्याची वहिवाट अनादी. वास्तविक ठराव रद्द करून परवानगी काढून घेता येते, तळ्याची मालकी बदलत नाही. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला: तळं नगरपालिकेचं, आणि अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. खालच्या कोर्टांतही वादी हरलेच होते. अपील फेटाळलं गेलं.