घर बदलताना दूरध्वनी: स्थलांतर की समापन?

कोलकात्यातील घर सोडताना दूरध्वनीची तार काढली की जोडणी संपली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रीतसर अर्ज दिल्याशिवाय करार संपत नाही आणि बंद घराच्या नावे भाड्याची देयके निघतच राहतात.

भारत संचार निगमची शहरातील सेवा ‘कलकत्ता टेलिफोन्स’ हा विभाग पाहतो. शहराचे नाव २००१ मध्ये बदलले. विभागाचे जुनेच राहिले. हावडाही याच विभागात येत असल्याने भवानीपूरहून तेथे जाणाऱ्या कुटुंबाने जोडणी बंद करण्याऐवजी स्थलांतराचा अर्ज करणे हिताचे. केंद्र बदलल्यास क्रमांक बदलू शकतो, एवढेच. बदलीवर पुण्याला निघालेल्यांना मात्र ०३३ चा क्रमांक सोबत नेता येत नाही. त्यांनी ब्रॉडबँडसह जोडणी बंद करावी.

त्यासाठी थकबाकी भरून, कंपनीचा मोडेम परत करून दोन्हींच्या पावत्या घ्याव्यात. खरी अडचण अनामत रकमेची असते. अर्जात नवा पत्ता आणि बँक खाते नमूद नसेल, तर ती रखडते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार जोडणी ७ दिवसांत बंद होणे आणि अनामत ४५ दिवसांत परत मिळणे अपेक्षित आहे.

मुदत टळल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि नंतर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. दूरसंचार सेवेबाबत ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.