विहारात आजींना ऐकू येते का?

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही गेलो तरी मागे भिंतीला टेकून बसलेले आजी-आजोबा आम्हाला दिसतात. सगळे ‘साधू’ म्हणाले की तेही म्हणतात. पुढे त्यांचे येणे थांबते. घरचे म्हणतात, वय झाले, मन लागत नाही. मन लागते हो, ऐकू येत नाही!

वयाबरोबर आधी बारीक आवाज जातात. स, फ, थ ही अक्षरे निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात उमेद घालवलेल्यांना हे लवकर होते. ओरडल्याने शब्द आणखी फाटतो. कर्कश लाऊडस्पीकरने तर जास्तच.

त्यांना पहिल्या रांगेत बसवा. वाचणाऱ्याचे तोंड दिसले पाहिजे, त्यावर उजेड हवा. खडखडणारा पंखा बंद करा. एका वेळी एकानेच बोलावे. कळले नाही तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगा. ‘जाऊ दे, काही नाही’ असे म्हणू नका.

कानात तेल, काडी घालू नका. कधी नुसता मळ असतो, तो डॉक्टर काढतात. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते. दादरला गाडी बदलावी लागते, सोबत कोणीतरी जा. श्रवणयंत्रासाठी ६० वर्षांवरील गरीब ज्येष्ठांना केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना ३,००० रुपये मिळतात. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी डबीत ठेवू देऊ नका.