चांद्रमोहिमेचा पुरावा फोटोंत नाही, दगडांत आहे

अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरवलाच नाही, ते सगळे चित्रीकरण कुठल्याशा स्टुडिओत झाले, हा दावा आता जवळपास पन्नास वर्षांचा झाला आहे. बिल केसिंग या अमेरिकी लेखकाने 1976 मध्ये स्वतःच छापलेल्या पुस्तकाने त्याला तोंड फुटले, 2001 मध्ये फॉक्स वाहिनीच्या एका कार्यक्रमाने तो घरोघरी पोचवला आणि आता तो व्हॉट्सॲपवर फिरत असतो. या वादात दोन्ही बाजू बहुतेक वेळा फोटोंवरच भांडतात: झेंडा का फडकतोय, आकाशात तारे का नाहीत. या प्रश्नांना उत्तरे आहेत, पण खरा पुरावा फोटोंत नाहीच. तो चंद्रावरून आणलेल्या 382 किलो दगडमातीत आहे आणि तिची तपासणी नासाबाहेरच्या, किंबहुना नासाच्या विरोधातल्या लोकांनीही केलेली आहे.

फोटोंचे थोडक्यात सांगून टाकतो. झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती. अपोलो 11 च्या वेळी ती पूर्ण उघडली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या आणि त्या वाऱ्याच्या लाटांसारख्या दिसतात. अंतराळवीर काठी जमिनीत फिरवत असताना झेंडा हलतो, हात सुटल्यावर थोड्या वेळात स्थिर होतो. तारे दिसत नाहीत, कारण जमीन, यान आणि पांढरे पोशाख भर उन्हात आहेत आणि कॅमेरा त्या उजेडाला बेतून लावलेला आहे. वानखेडेवर रात्रीच्या सामन्यात काढलेल्या फोटोत तरी तारे कुठे दिसतात? चित्रफितींत मात्र एक गोष्ट नीट बघण्याजोगी आहे. चांद्रगाडीच्या चाकांनी उडवलेली धूळ कमानीसारखी वर जाते आणि तशीच खाली येते, हवेत तरंगत राहत नाही, तिचा लोट होत नाही. फीत सावकाश चालवून कमी गुरुत्वाकर्षणाचा आभास करता येईल, पण धुळीभोवतीची हवा नाहीशी करता येणार नाही. त्यासाठी गाडी फिरेल एवढा प्रचंड निर्वात स्टुडिओ बांधावा लागला असता.

आता दगडांकडे वळू. चंद्राच्या पृष्ठभागावर पडून असलेल्या दगडावर सूक्ष्म उल्कांच्या आघाताने काचेचे अस्तर असलेले बारीक खड्डे पडतात. पृथ्वीवर असे कण वातावरणातच जळतात किंवा मंदावतात, त्यामुळे आपल्या दगडांवर ते खड्डे नसतात. अपोलोच्या दगडांतल्या खनिजांमध्ये आपल्या दगडांत सर्रास आढळणारे पाणी जवळपास नाही. त्यांपैकी कित्येक तीन ते साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. अवकाशातून येणाऱ्या लोखंडासारख्या जड अणूंची केंद्रके खनिजाच्या स्फटिकातून आरपार जाताना मागे जखमेची रेघ सोडतात. स्फटिकावर रासायनिक प्रक्रिया केली की ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रेघा पृष्ठभागाजवळ दाट, आत जावे तशा विरळ होत जातात आणि त्यांवरून दगड किती लाख वर्षे उघड्यावर होता हे काढता येते. ही मोजणी मुंबईतही झाली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अपोलोच्या नमुन्यांवर हेच काम करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. लक्षावधी वर्षांचा हा मारा दगडात खोलीनुसार बरोबर उतरवून दाखवणे कुठल्याही प्रयोगशाळेला शक्य नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की ते दगड अंटार्क्टिकात सापडलेल्या उल्का असतील. चंद्रावरून उडून आलेली पहिली उल्का ओळखली गेली ती 1982 मध्ये, म्हणजे शेवटच्या मोहिमेनंतर दहा वर्षांनी आणि तीही अपोलोच्या नमुन्यांशी ताडून. शिवाय उल्का वातावरणातून येताना तिचा बाहेरचा थर वितळून काळे कवच बनते आणि बारीक खड्डे त्यातच नाहीसे होतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दगड यंत्रानेही आणता येतात, मग माणूस गेला कशावरून? हे खरेच आहे. सोव्हिएत रशियाच्या लुना 16, 20 आणि 24 या यानांनी माणसाविना माती आणली. पण तिघांची मिळून ती साधारण तीनशे ग्रॅम भरते. 382 किलो निवडक दगड आणि अपोलो 17 ने जमिनीतून काढलेला सुमारे तीन मीटर लांबीचा गाभा, हे काम त्या काळच्या यंत्रांच्या आवाक्यातले नव्हते. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तक आरशांनाही हाच आक्षेप लागू पडतो, कारण रशियाच्या लुनोखोद गाड्यांवरही ते होते, म्हणून केवळ आरशांवर मी भर देत नाही.

याच ठिकाणी रशियाची साक्ष सर्वांत मोलाची ठरते. 1971 मध्ये दोन्ही देशांनी आपापल्या मातीच्या नमुन्यांची अदलाबदल केली. शीतयुद्धातल्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रयोगशाळेत अपोलोची माती आणि स्वतःच्या यानाने आणलेली माती शेजारी-शेजारी होती. फरक खोटेपणाचा असता, तर तो जाहीर करण्याइतका राजकीय लाभ मॉस्कोला दुसऱ्या कशातून मिळाला असता? मॉस्कोने असा आरोप केला नाही.

वाटेतल्या किरणोत्सारातून अंतराळवीर जिवंत कसे परतले, ही शंका प्रामाणिक आहे, पण तिचे उत्तर आकड्यांत मिळते. पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन या किरणोत्सारी पट्ट्यांचा सर्वांत दाट भाग टाळून यान काही तासांत पार झाले. अंतराळवीरांच्या मापकांवर सरासरी मात्रा एक रॅडपेक्षाही कमी नोंदली गेली. जिवावर बेतायला काही शे रॅड लागतात.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न हटकून येतो: चांद्रयान-2 चे विक्रम हे उतरणारे यान 2019 मध्ये कोसळले, मग 1969 मध्ये माणसे कशी उतरली? अमेरिकेचीही याने आधी अपयशी ठरली होती. रेंजर मालिकेतल्या पहिल्या सहाही मोहिमा फसल्या आणि 1967 मध्ये अपोलो 1 च्या आगीत तीन अंतराळवीर दगावले. मग 1960 च्या दशकाच्या मध्यात देशाच्या अर्थसंकल्पातला चार टक्क्यांहून जास्त हिस्सा नासाला मिळाला आणि सुमारे चार लाख माणसे या कामाला लागली. तो पैसा आटला, म्हणूनच पुढच्या मोहिमा रद्द झाल्या आणि 1972 नंतर माणूस परत चंद्रावर उतरलेला नाही. शिवाय अपोलो 11 उतरण्याच्या शेवटच्या क्षणी अंतराळवीर आर्मस्ट्राँगने खडकाळ जागा टाळून यान स्वतः पुढे नेले. विक्रमला हा निर्णय एकट्याने, संगणकावर विसंबून घ्यायचा होता. पुढे त्याच चांद्रयान-2 च्या परिभ्रमकाने अपोलो 11 च्या उतरण्याच्या जागेचे छायाचित्र टिपले.

अपोलो 17 ने 1972 मध्ये चंद्रावरच हवाबंद केलेली एक नळी 2022 मध्ये उघडली गेली आणि तिच्यातल्या मातीवर काम चालू आहे. मोहीम बनावट म्हणणाऱ्यांनी फोटोंवर पुस्तके लिहिली, पण चंद्रावरचे हे दगड पृथ्वीवर कसे बनवले हे त्यांना आजवर सांगता आलेले नाही.