एका डोळ्याचे अधूपण
वरसावे नाक्यावर, जेथे घोडबंदरचा रस्ता मुंबई–अहमदाबाद महामार्गास मिळतो, तेथे पलीकडे जाऊ पाहणाऱ्या मनुष्याचा एक डोळा निकामी असेल, तर त्या बाजूचे वाहन त्यास मान वळविल्यावाचून दिसत नाही, आणि दिसले तरी त्याचे अंतर नेमके उमगत नाही. कारण दोन डोळ्यांच्या किंचित भिन्न प्रतिमांच्या मीलनातूनच मेंदूस खोलीचे सूक्ष्म ज्ञान होते. कपात ओतलेल्या चहाची धार बशीत पडते, जिन्याची शेवटची पायरी चुकते. दोन्ही डोळे अधू झाल्यास वाचन, रोजगार व एकट्याने हिंडण्याची मुभा जाते, हे सर्वांस कळते. एकाक्षाचे क्लेश मात्र घरच्यांनाही जाणवत नाहीत. सरकारदरबारी, दुसरा डोळा निर्दोष असल्यास, त्याचे अपंगत्व ३० टक्केच धरतात, आणि आरक्षणास दाखला ४० टक्क्यांचा लागतो. म्हणून एकाच डोळ्यात मोतीबिंदू वाढला असला, तरी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये.