दार उतरलंय की गाडी?

रांजणगावला फियाटचा कारखाना आहे, तेव्हा शिरूर तालुक्यात जुन्या फियाटचे सुटे भाग सहज मिळत असतील, असा अनेकांचा समज असतो. पण रांजणगावात बनतात त्या आजच्या गाड्या. जुनी फियाट, म्हणजे पद्मिनी, बनायची कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, आणि ते उत्पादन थांबून साधारण पाव शतक झालं. त्यामुळे तळेगाव ढमढेरेत कुणाच्या वाड्यात पद्मिनी उभी असेल, तर तिची मूळ बिजागरी भंगारात टाकण्याआधी नीट तपासावी.

कारण सर्वांत महागात पडणारा गैरसमज तिथेच आहे : दार उतरलं म्हणजे बिजागरी गेली. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला हात घालून हलकेच वर उचला आणि दुसऱ्या कुणाला तरी बिजागरीकडे बघायला सांगा. पिन खुळखुळत असेल तर पिन आणि तिचं भोक झिजलंय. चांगला लेथवाला भोक रीमरने साफ करून किंचित जाड पिन घडवून देतो. काम छोटं आहे. पण दाराबरोबर पिलरचा पत्राच हलत असेल, तर दुखणं खाली आहे. पद्मिनी काय किंवा अ‍ॅम्बेसेडर काय, दोन्हींना ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. सगळा भार बॉडीच पेलते. दारांखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, आतून कुजली की गाडी मधोमध बसते आणि पिलर कलतो. घराची चौकट कलली असताना सुतार दार तासत बसत नाही. इथेही आधी सिल. ती कापण्यापूर्वी दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून आकार धरून ठेवावा लागतो. हे न करता सिल बदलली, तर गाडी वाकड्या मापातच कायमची पक्की होते. असं झालेलं पाहिलं की फार वाईट वाटतं.

‘आपला भाग कोरडा, इथे कुठला गंज?’ असंही म्हटलं जातं. शिरूर तालुका पर्जन्यछायेत आहे, हे खरं. पण दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं. आपल्याकडची धूळ नेमकी हीच भोकं बुजवते. उरलंसुरलं काम रंगाच्या वेळी भरलेली लांबी करते. मग थोड्या पावसाचंही पाणी आत साचून राहतं. वर्षातून एकदा बारीक तारेने भोकं मोकळी केली, तर पुढचं बरंच वेल्डिंग वाचतं. बिजागरीवर तेलावर तेल ओतण्याचंही तसंच. जुनी माती त्या तेलात कालवली जाते आणि पिन घासत राहते. आधी घासलेटने धुवा, मग थोडंसंच ग्रीस लावा.

दार लागत नाही म्हणून पिलरवरचा स्ट्रायकर, म्हणजे दाराचं लॉक ज्यात अडकतं तो तुकडा, वरखाली करणं हा झटपट उपाय सगळीकडे चालतो. दार पेलणं हे स्ट्रायकरचं काम नव्हे. तो दाराला उचलून धरत असेल, तर बिजागऱ्या आणि लॉक दोन्ही लवकर झिजतात. जुळवणीला सुरुवात करताना तो काढूनच ठेवावा, म्हणजे दार खरोखर कसं लोंबतंय ते दिसतं.

बिजागरीमागे घालायच्या पॅकिंगबद्दलही घोळ असतो. दाराचं मागचं टोक उचलायचं तर पॅकिंग खालच्या बिजागरीमागे जातं; त्याने दाराचा तळ मागे सरकतो आणि टोक वर येतं. तेच वरच्या बिजागरीमागे घातलं, तर दार आणखी उतरतं. बिजागरीत लाकडी ठोकळा धरून दार दाबण्याची जुनी रीत जाणत्या डेंटरच्या हातात चालून जाते, पण कुजलेल्या पिलरवर ती करू देऊ नये.

दाराच्या चौकटीला नवं जाड रबरी बीडिंग बसवल्यावर दार बाहेर येतं आणि दोष बिजागरीवर जातो, हेही नेहमीचंच. म्हणून गॅप आधी बीडिंगशिवाय जुळवावी आणि तीही गाडी जॅकवर नव्हे, चारही चाकांवर उभी असताना. मागचा पत्रा वेल्ड केलेला, तो हलत नाही. म्हणून आधी मागचं दार त्याला जुळवायचं, मग पुढचं दार मागच्याला. त्यानंतर बीडिंग, आणि स्ट्रायकरचे स्क्रू सगळ्यात शेवटी आवळायचे.