घरचे मिलिंग यंत्र आणि परवडणारे सॉफ्टवेअर

लाकूड, प्लॅस्टिक किंवा मऊ धातू संगणकाच्या आज्ञेवरून कोरणारे यंत्र ही आता केवळ कारखानदारांची मिरासदारी राहिलेली नाही. टेबलावर मावणारी, तीन अक्षांवर चालणारी छोटी सी. एन. सी. यंत्रे छंदिष्टांच्या घरी आणि लहान कारागिरांच्या खोलीत येऊ लागली आहेत. यंत्र येते, त्याचे स्क्रू आवळून होतात, आणि मग प्रश्न उभा राहतो : याच्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा किंमत असते. आमचे म्हणणे असे की, किंमत हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग असा : आज फुकट किंवा स्वस्तात मिळालेल्या साधनावर आपण जे काम उभे करू, ते पाच वर्षांनीही आपल्याच हाती राहील काय?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी सॉफ्टवेअर नेमके काय करते ते पाहिले पाहिजे. ज्याला आपण सरसकट एकाच नावाने ओळखतो, ती वस्तुतः तीन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम आकृती काढण्याचे. त्याला कॅड म्हणतात. दुसरे काम त्या आकृतीवरून कटरने कोठून कोठे, किती खोल आणि किती वेगाने जावयाचे हे ठरविण्याचे. त्याला कॅम म्हणतात, आणि ठरलेल्या मार्गाला टूलपाथ. तिसरे काम त्या मार्गाप्रमाणे मोटारी प्रत्यक्ष फिरविण्याचे. ते करणारा तो नियंत्रक. घराचा नकाशा काढणारा, रोजचे काम आखून देणारा मुकादम आणि थापी चालविणारा गवंडी हे तिघे जसे वेगळे, तसेच हे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कामामधला निरोप्या म्हणजे जी-कोड. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1952 साली छिद्रे पाडलेल्या पट्टीवरून चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखविण्यात आले. त्या प्रयत्नांतून पुढे वाढत गेलेली ही संकेतभाषा कालांतराने प्रमाणित झाली, आणि आज कारखान्यातले भारी यंत्र व आपल्या टेबलावरचे छोटे यंत्र थोड्याफार फरकाने तीच भाषा बोलतात. जी0 म्हणजे कटर झपाट्याने हलवा. जी1 म्हणजे दिलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जा. जी2 आणि जी3 म्हणजे कमानीवरून जा. जी21 म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये आहेत असे समजा. हा सारा साधा मजकूर असल्यामुळे तो कोणालाही उघडून वाचता येतो आणि दुरुस्तही करता येतो. पुढच्या विवेचनासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता एक उदाहरण घेऊ. बाजारात ‘3018’ या आकड्याने ओळखले जाणारे यंत्र आपल्याजवळ आहे. त्याची कामाची जागा सुमारे 300 × 180 मिलिमीटर. त्यावर दाराची मराठी पाटी कोरावयाची आहे.

पहिली अडचण आपल्या लिपीची. रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या काही सॉफ्टवेअरांत देवनागरी मजकूर टाइप केला, की जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न बसता मागून येते. तेव्हा मजकूर तेथे टाइपच करू नये. तो इंकस्केप या विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअरात जुळवावा व अक्षरांचे रूपांतर बाह्यरेषांत करून मगच पुढे न्यावा. पुढच्या सॉफ्टवेअरला मग मराठी येण्याची गरज उरत नाही. त्याला फक्त रेषा दिसतात.

एवढ्याने भागत मात्र नाही. बहुतेक देवनागरी फाँटांत प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते, आणि शेजारचे तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. पडद्यावर शिरोरेषा सलग दिसते. पण कटरच्या लेखी प्रत्येक जोडावर उभ्या रेषा असतात, आणि तो त्या इमानाने कापतो. आमची पहिली पाटी अशीच अक्षराअक्षरावर चिरली जाऊन वाया गेली. सगळी अक्षरे निवडून ‘युनियन’ ही आज्ञा दिली, की शब्दाची एकच बाह्यरेषा होते आणि हा दोष जातो.

दुसरा टप्पा टूलपाथचा. 3 मिलिमीटर व्यासाच्या कटरचे केंद्र अक्षराच्या रेषेवरूनच फिरविले, तर अक्षर प्रत्येक बाजूने दीड मिलिमीटर खाल्ले जाईल. म्हणून कॅम सॉफ्टवेअर मार्ग कटरच्या त्रिज्येइतका बाजूला सरकविते. 3 मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीत हा कटर शिरू शकत नाही, हेही टूलपाथ पाहताच कळते. 6 मिलिमीटर खोली एका दमात न कापता दीड-दीड मिलिमीटरचे चार थर सांगता येतात. वेग मात्र आपणच ठरवावयाचा. स्पिंडलचे दर मिनिटाचे फेरे, कटरच्या धारांची संख्या आणि प्रत्येक धारेने काढावयाच्या किसाची जाडी यांचा गुणाकार म्हणजे फीड. 10,000 फेरे, 2 धारा आणि 0.03 मिलिमीटर कीस धरला, तर फीड मिनिटाला 600 मिलिमीटर येते. फार सावकाश गेल्यास कटर कापण्याऐवजी घासतो, तापतो आणि लाकूड करपते. फार जोरात गेल्यास तो मोडतो. महाग सॉफ्टवेअर घेतल्याने ही समज बाळगण्याचे टळत नाही.

तिसरा टप्पा नियंत्रकाचा. अशा छोट्या यंत्रांत बहुधा ग्रबल असतो. 2009 साली सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प आर्डुइनोच्या लहानशा सर्किट बोर्डावर चालतो. जी-कोडमधला ‘थोडाफार फरक’ येथे जाणवतो. छिद्रे पाडण्यासाठी कारखान्यातील यंत्रे जी81 ही आज्ञा घेतात. मूळ ग्रबलला ती ठाऊक नाही व तो चूक दाखवितो. एकाच मार्गाचे निरनिराळ्या यंत्रांच्या बोलीत रूपांतर करणारा जो भाग कॅम सॉफ्टवेअरात असतो, त्याला पोस्ट-प्रोसेसर म्हणतात. तेव्हा निवडीच्या वेळी सर्वांत आधी विचारावे : माझ्या नियंत्रकाचा पोस्ट-प्रोसेसर यात आहे काय? नसेल तर बाकीचे गुण व्यर्थ होत.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. मुक्त सॉफ्टवेअरांत फ्रीकॅडचे नाव प्रथम घ्यावे लागेल. 2002 पासून चालत आलेल्या या प्रकल्पाची 1.0 ही आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये निघाली. त्यात कॅड आणि कॅम दोन्ही आहेत, ग्रबलचा पोस्ट-प्रोसेसर आहे, आणि केलेले काम विकण्यावर बंधन नाही. हातात असलेली आवृत्ती कोणी परत मागू शकत नाही. त्याची किंमत पैशांत नव्हे, शिकण्याच्या चिकाटीत मोजावी लागते, हे मात्र आम्ही लपवीत नाही.

दुसरा प्रकार अटींवर विनामूल्य मिळणाऱ्यांचा. ऑटोडेस्क कंपनीचे फ्यूजन हे गुणांनी उत्तम साधन. छंदिष्टांनी ते आनंदाने स्वीकारले होते. सप्टेंबर 2020 मध्ये कंपनीने वैयक्तिक परवान्याच्या नव्या अटी जाहीर केल्या. त्यांनुसार एका वेळी दहाच आकृत्या दुरुस्तीसाठी खुल्या राहावयाच्या होत्या, कटरच्या जलद हालचाली कापण्याच्या वेगाने व्हावयाच्या होत्या, आणि अनेक कटरांचे काम एका फायलीत मिळावयाचे नव्हते. ‘स्टेप’ या सर्वमान्य स्वरूपात आकृती बाहेर काढण्याची सोयही जावयाची होती; वापरणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर ती ठेवण्यात आली. आपला माल कोणत्या अटींवर द्यावा हा कंपनीचा अधिकार आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जी वस्तू फुकट मिळाली ती आपल्या मालकीची झाली, असे समजू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

तिसरा प्रकार एकदाच पैसे देऊन घेण्याचा. व्हेक्ट्रिक कंपनीचे व्ही-कार्व्ह असे मिळते. अक्षराची रेघ जेथे जाड तेथे टोकदार कटर खोल आणि जेथे बारीक तेथे उथळ नेण्याचे कोरीवकाम त्यात सुबक होते. ज्याचे पोट पाट्यांवर आहे त्याला हा खर्च जड वाटू नये. कारण वाचलेला वेळ हीच त्याची मिळकत. शिवाय ‘वैयक्तिक’ परवान्यावर धंदा करणे बहुधा अटींत बसत नाही. चौथा प्रकार दरमहा किंवा दरसाल भाड्याचा. भाडे थांबले की साधन बंद पडू शकते, हे जाणूनच तो पत्करावा. चोरून उतरवून घेतलेल्या प्रतीचा विचारही मनात आणू नये. तीत संगणकाला धोका आहे आणि कारागिराच्या नावालाही.

कोणताही प्रकार निवडला, तरी प्रत्येक जॉबच्या तीन फायली जपाव्यात. एक मूळ आकृतीची. दुसरी सर्वांना उघडता येईल अशा स्वरूपातली : घन वस्तू असेल तर ‘स्टेप’, सपाट काम असेल तर ‘एस. व्ही. जी.’ किंवा ‘डी. एक्स. एफ.’. तिसरी जी-कोडची, आणि तिच्यासोबत कोणता कटर, कोणते लाकूड, शून्यबिंदू कोठे धरला, याची चार ओळींची टीप. एवढे केले म्हणजे उद्या साखळीतला कोणताही दुवा बदलावा लागला, तरी बाकीचे काम बुडत नाही.

शेवटी परीक्षेविषयी. पैसे देण्यापूर्वी 50 मिलिमीटरचा चौकोन आणि त्यात 10 मिलिमीटरचे छिद्र, एवढीच आकृती काढावी आणि ती तिन्ही टप्प्यांतून न्यावी. आधी कटर लाकडाच्या बराच वर ठेवून हवेतच सगळा मार्ग चालवून पाहावा. मग टाकाऊ फळीवर कापून माप घ्यावे. मार्ग 25.4 पटींनी मोठा किंवा लहान निघाला, तर इंच आणि मिलिमीटर यांचा घोटाळा झाला असे समजावे. हा चौकोन ज्या सॉफ्टवेअरातून एका संध्याकाळी बरोबर निघाला, आणि ज्याच्यातून आपली आकृती पुन्हा बाहेर काढता आली, ते आपल्या कामाचे. मग ते फुकटचे असो की विकतचे.